ओल्या कचऱ्याचा जुना हिशेब

आपल्या मागच्या भिंतीलगत ओल्या कचऱ्याचे दोन खड्डे आहेत. ‘पालिकेची गाडी येते, मग हा खर्च कशाला?’ असा प्रश्न सर्वसाधारण सभेत हमखास निघतो. म्हणून रौप्यमहोत्सवी अंकात थोडा इतिहास.

उकिरडा आपल्या गावोगावी होताच. त्याला शास्त्राची शिस्त लागली ती होळकरांच्या इंदूरला. 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी तिथे प्रयोग केले. सोबत यशवंत वाड होते. 1931 साली पुस्तक दोघांच्या नावाने निघाले, पण आज नाव घेतात ते साहेबांचेच. (बँकेतही टिपण कारकुनाचे अन् सही साहेबांची!) खड्डा फक्त दोन फूट खोल. त्यात पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मुतेरी माती, राख यांचे थर. मधूनमधून पाणी आणि वरखाली करणे. आत हवा खेळली की तीन महिन्यांत खत तयार.

पुढे 1970 च्या दशकात केंद्र सरकारने मोठ्या शहरांत यांत्रिक खत कारखाने काढले. बहुतेक बंद पडले. कर्जप्रकरण आले की आम्ही आधी विचारायचो, कच्चा माल कसला आणि गिऱ्हाईक कोण? इथे दोन्हीकडे बोंब. शहराचा कचरा काचा-प्लॅस्टिकसकट यायचा, आणि असले खत शेतकरी कशाला घेईल?

1996 साली अलमित्रा पटेल सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून 2000 चे नियम आले. कुजणाऱ्या कचऱ्यावर प्रक्रिया करा, तो नुसता पुरू नका, असे त्यात स्पष्ट होते. तरी आपल्या पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची, फुरसुंगीच्या माथी जातच राहिला. दुर्गंधीने आणि विहिरींच्या बिघडलेल्या पाण्याने कावलेल्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. मला विचाराल तर त्यांचे काहीच चुकले नाही.

2016 च्या नियमांनी जबाबदारी थेट आपल्या दारात आणली. 5000 चौरस मीटरवरच्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असे त्या नियमांत होते. आपला भूखंड त्यात बसत होता. शिवाय गांडूळखत प्रकल्पाला महापालिका मिळकतकरात सवलत देते. खड्ड्यांचा खर्च सभेत मांडताना तीही रक्कम समोर ठेवावी.

तूर्त चाळलेल्या खताची सहा पोती पंपाच्या खोलीत आहेत. कुंड्यांसाठी हवे असेल त्यांनी रविवारी सकाळी पिशवी घेऊन यावे. आणि कृपा करून दुधाच्या पिशव्या ओल्या बादलीत टाकू नयेत.