शांततेची शिदोरी

जबलपूर म्हटले की मराठी माणसाला नर्मदा आठवते, भेडाघाटचे संगमरवरी कडे आठवतात आणि शेजारच्या त्रिपुरीस १९३९ साली भरलेले काँग्रेसचे अधिवेशन आठवते. इतिहासाची थोडी अधिक गोडी असणाऱ्यास हेही ठाऊक असते की, १७८१ पासून १८१७ पर्यंत हे शहर मराठ्यांच्या अमलाखाली होते. प्रथम सागरकरांच्या आणि मागाहून नागपूरकर भोसल्यांच्या. परंतु स्वतंत्र भारताच्या इतिहासात या शहराचे नाव आणखी एका प्रसंगाशी जोडले गेले आहे, आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही. फेब्रुवारी १९६१ मध्ये येथे हिंदु-मुसलमानांची दंगल झाली. फाळणीच्या रक्तपातानंतरची ही पहिली मोठी दंगल, असे तिचे वर्णन केले जाते. तिच्यापासून देश काय शिकला आणि काय शिकावयाचे राहिले, एवढाच आजचा विषय आहे.

एका तरुण मुलीवरील अत्याचाराची तक्रार आणि त्यापाठोपाठ तिने केलेली आत्महत्या हे निमित्त झाले. गुन्हा व्यक्तींचा होता. त्याचा न्याय न्यायालयात व्हावयाचा. परंतु स्थानिक वृत्तपत्रांनी बातमीला भडक रंग दिला, मिरवणुका निघाल्या, आणि पाहता पाहता व्यक्तींच्या गुन्ह्याचा जाब एका सबंध समाजाला विचारला जाऊ लागला. आग शहरापुरती राहिली नाही. सागर, दमोह आणि नरसिंहपूर येथपर्यंत ती पोहोचली. अधिकृत मोजणीनेच मृतांचा आकडा पन्नासच्या वर गेला. जबलपूर हे विडीच्या धंद्याचे मोठे केंद्र; त्या धंद्यातील चुरशीनेही या आगीत तेल ओतले, असे पुढे अनेक अभ्यासकांनी लिहिले आहे.

दिल्लीला या घटनेचा जबर धक्का बसला. त्याच वर्षी भारतीय दंडविधानाच्या कलम १५३-अ ची व्याप्ती वाढविण्यात आली आणि धर्म, जात वा भाषा यांच्या नावाने तेढ वाढविणे हा अधिक स्पष्ट गुन्हा ठरला. निवडणुकीच्या कायद्यातही अशा प्रचाराला आळा घालणारी दुरुस्ती झाली. २८ सप्टेंबर ते १ ऑक्टोबर १९६१ या दिवसांत पंडित नेहरूंच्या पुढाकाराने राष्ट्रीय एकात्मता परिषद भरली. तिच्यातून एक कायम मंडळ निर्माण झाले आणि जून १९६२ मध्ये त्याची पहिली बैठक झाली. पुढील अर्ध्या शतकात ते मंडळ सोळा वेळा भरले. सोळावी बैठक २३ सप्टेंबर २०१३ रोजी झाली. कलम १५३-अ चा आशय आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत गेला आहे.

हे सारे आवश्यकच होते. कायद्याची जरब नसेल तर सदिच्छा पांगळी ठरते, हे शासनात काही वर्षे काढलेल्या माणसास कोणी समजावून सांगावयास नको. तथापि एक प्रश्न उरतोच. दंगल दिल्लीत ठरत नाही. ती एखाद्या गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या दुकानापाशी, एका खोट्या बातमीतून जन्म घेते. त्या गल्लीत, त्या घटकेस, 'थांबा, ही बातमी खोटी आहे' असे म्हणणारा आणि ज्याचे म्हणणे दोन्ही बाजू ऐकतील असा माणूस कोठून आणावयाचा?

असा माणूस आयत्या वेळी मिळत नसतो. पूर्वी आपल्याकडे तो तयार करण्याची एक रीत होती. मराठेशाहीत वतनाचा, हद्दीचा किंवा मानपानाचा तंटा उभा राहिला की तो गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, शेटे-महाजन, बलुतेदार असे त्या ठिकाणचे जाणते लोक एकत्र बसत. वादी-प्रतिवादींकडून आरंभीच 'राजीनामा' घेतला जाई. हा शब्द आज आपण पद सोडण्यासाठी वापरतो. त्या काळी त्याचा अर्थ, सभा जो निवाडा करील त्यास मी राजी आहे, असा होता. तो शब्द पाळला जावा म्हणून जामीन घेतले जात. एखाद्यास आपल्या गावचे गोत पक्षपाती वाटले, तर त्यास परस्थळ मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे तंटा नेता येई. निवाड्याचा महजर होई आणि त्यावर हजर असलेल्या सर्वांची साक्ष पडे. ज्यास लिहिता येत नसे तो आपल्या कसबाची निशाणी काढी. पाटलाचा नांगर तर अशा कागदांवर नेहमी दिसतो. हरलेला पक्ष येजितखत लिहून देई आणि पुन्हा तो वाद उकरणार नाही असे कबूल करी.

या रीतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. निकालापूर्वीच दोन्ही पक्षांची संमती घेतली जाई. मध्यस्थ हे पक्षकारांच्या रोजच्या ओळखीचे असत. आणि झालेली तडजोड साऱ्या गावाच्या साक्षीने कागदावर उतरे. १८१८ नंतर एल्फिन्स्टन साहेबाने दख्खनमध्ये पंचायतीची पद्धत राखून पाहिली, परंतु नव्या अदालतींपुढे ती हळूहळू मागे पडली.

मात्र गोतसभेचे गोडवे गाऊन थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तिची बैठक जातीच्या उतरंडीवर मांडलेली होती. हद्दीच्या वादात महाराच्या साक्षीला मोल होते, पण म्हणून सभेत त्याचा मान पाटलाइतका नव्हता. स्त्रियांचा आवाज क्वचितच ऐकला जाई. पुरावा अपुरा पडला की अग्निदिव्यासारख्या भीषण उपायांचाही आश्रय घेतला जाई. शिवाय ही सभा एकमेकांस पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्यांची होती; कामधंद्यासाठी चार प्रांतांतून आलेल्या शहरवासीयांना ती जशीच्या तशी लागू पडणार नाही. घ्यावयाचे ते तिचे मर्म.

हे मर्म आधुनिक काळात गांधीजींनी ओळखले होते. १९३८ साली 'हरिजन' पत्रात त्यांनी शांतिदलाची कल्पना मांडली, तेव्हा अशा दलातील माणसाने आपल्या वस्तीतील लोकांशी सेवेच्या द्वारा आधीपासूनच संबंध जोडलेला असावा, असा आग्रह धरला होता. संकटाच्या वेळी उपटलेल्या अनोळखी माणसाचे कोण ऐकणार, हा त्यामागील रोकडा हिशेब. पुढे कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचे सुपुत्र विनोबा भावे यांनी १९५७ साली केरळातील पदयात्रेत शांतिसेनेची स्थापना केली. दर पाच हजार लोकवस्तीमागे एक शांतिसैनिक, असे त्यांचे प्रमाण होते. तो सैनिक एरवी गावाची सेवा करील आणि प्रसंगी मध्ये उभा राहील. १९६९ साली अहमदाबादेत शांतिसैनिकांनी दंगलीनंतर केलेले काम अनेकांच्या स्मरणात राहिले. परंतु विनोबांनी मनाशी धरलेली संख्या कधीच उभी राहिली नाही.

या विचाराची खरी परीक्षा झाली ती महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातील भिवंडीस. यंत्रमागांचे हे गाव १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी पेटले आणि तेथील वणवा जळगाव व महाडपर्यंत गेला. १९८४ साली ते पुन्हा पेटले. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी एक साधा प्रयोग केला. गावभर मोहल्ला समित्या बनविल्या. त्यांची संख्या सत्तरच्या आसपास होती. प्रत्येक समितीत दोन्ही समाजांची माणसे घेतली आणि साध्या पोलीस शिपायावर तिची जबाबदारी टाकली. समितीत मोठमोठ्या तत्त्वांची चर्चा होत नसे. शेजाऱ्यांची भांडणे, घरगुती तक्रारी, रोजच्या अडचणी याच तेथे येत. त्यातूनच माणसे एकमेकांस नावाने ओळखू लागली आणि पोलिसाच्या डग्ल्यामागचा माणूसही लोकांना दिसू लागला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसे प्राणास मुकली. हाकेच्या अंतरावरील भिवंडी मात्र शांत राहिली. याचे सारे श्रेय एकाच उपायाला देणे योग्य होणार नाही. तरीही आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलग्रस्त आणि शांत शहरांच्या जोड्या लावून केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचाही निष्कर्ष याच दिशेचा निघाला: जेथे धंद्यात, संघटनांत, मंडळांत दोन्ही समाज एकत्र गुंतलेले असतात, तेथे अफवेला पाय फुटत नाहीत.

सरकारी कामाच्या निमित्ताने मी अनेक शांतता समित्यांच्या बैठकांना बसलो आहे. सण तोंडावर आला म्हणजे समितीची आठवण होते. ठरावीक दहा-बारा प्रतिष्ठित मंडळी येतात, ठरावीक भाषणे होतात, चहा होतो, इतिवृत्तावर सह्या होतात, आणि पुढील सणापर्यंत ती फाइल कपाटात जाते. कागद पुरा असतो. ओळख मात्र होत नाही. एकदा अशाच बैठकीनंतर मागच्या रांगेतील एका वृद्ध शिंप्याने मला विचारले, "साहेब, भांडण नसतानाही आम्हाला कधी बोलवाल का?" माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. भिवंडीचा वृत्तांत वाचताना ते उत्तर माझ्या लक्षात आले.

प्रवासाला निघणारा माणूस भूक लागल्यावर चूल मांडीत नाही. तो शिदोरी बरोबर घेऊन निघतो. शांततेचेही तसेच आहे. १९६१ साली जबलपुरात पोलीस होते, कायदे होते, सज्जनही काही थोडे नव्हते. उणीव होती ती त्या सज्जनांची आधीपासून एकत्र बसण्याची सवय असण्याची. महिन्यातून एकदा, कोणताही सण नसताना, पाण्याच्या नळाच्या किंवा गटाराच्या तक्रारीसाठी का होईना, एका वस्तीतील दोन्ही समाजांची माणसे एका सतरंजीवर बसली, तर त्या बैठकीचा वृत्तांत कोणतेही वृत्तपत्र छापणार नाही. परंतु एखाद्या रात्री खोटी बातमी गल्लीत शिरेल, तेव्हा कोणाचे दार ठोठवावयाचे हे तेथील प्रत्येकास ठाऊक असेल.