आडवी वाट जुनी, उभी वाट नवी

पुण्यातून मित्राला गाडीत घ्यायचे, ताम्हिणी उतरून श्रीवर्धन-हरिहरेश्वर गाठायचे आणि समुद्र उजव्या हाताला ठेवत दापोली, गुहागर, गणपतीपुळे करत मालवणपर्यंत जायचे, हा बेत आता इतका रुळला आहे की ती पूर्वापार वहिवाट वाटावी. पुण्याचे आणि कोकणाचे नाते जुने आहे हे खरेच. पण त्या नात्याची दिशा वेगळी होती. देश आणि किनारा जोडणाऱ्या जुन्या वाटा पूर्व-पश्चिम, म्हणजे आडव्या होत्या. घाट उतरायचा, एखादे बंदर गाठायचे आणि त्याच वाटेने परत वर यायचे. किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तर-दक्षिण जाणे हे समुद्राचे काम होते, रस्त्याचे नव्हे. किनाऱ्यालगतची उभी सफर ही गेल्या काही दशकांतली घडण आहे, आणि ती उशिरा का घडली याचे उत्तर कोकणच्या खाड्यांत आहे.

आडव्या वाटेचा पुरावा दोन हजार वर्षांचा आहे. सातवाहनांच्या काळात जुन्नरचा माल नाणेघाटाने कल्याण आणि सोपाऱ्याला उतरत असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यातला शिलालेख त्या राजवटीचाच आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात कल्याण, चौल आणि त्यांच्या दक्षिणेची बंदरे ओळीने येतात, पण ती ओळ जहाजावरून पाहणाऱ्याची आहे. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला तो किनाऱ्याने पुढे गेला नाही. पालीमार्गे घाट चढून जुन्नरला आला आणि पावसाळा त्याने तिथेच काढला. पुण्याची मूळ वस्ती असलेल्या कसबा पेठेतही या वाटेच्या खुणा सापडतात. कोकणातून मिठागरांचे मीठ, नारळ आणि सुकी मासळी बैलांच्या पाठीवरून वर येई, आणि देशावरचे धान्य व गूळ खाली जाई. तांबट आळीतले कारागीर आपले मूळ कोकणात सांगतात. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या हातोड्याखाली येणारे तांब्याचे पत्रे मुंबईहून, म्हणजे बंदरातून घाट चढूनच येत. पेठेच्या कडेला शनिवारवाडा बांधणारे पेशवे मूळचे श्रीवर्धनचे, आणि नाना फडणवीसांचे भानू घराणे वेळासचे.

घाटाखालची गावे पाहिली की ही रचना अधिक स्पष्ट होते. महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण या जुन्या बाजारपेठांपैकी एकही उघड्या समुद्रावर नाही. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आणि मचवे खाडीतून जिथवर आत येऊ शकत, तिथे त्या वसल्या. होडीचा प्रवास तिथे संपे आणि बैलाचा सुरू होई. म्हणून प्रत्येक पेठेच्या माथ्यावर तिचा घाट आहे: महाडला वरंधा, चिपळूणला कुंभार्ली, राजापूरला अणुस्कुरा. खाडी आणि घाट मिळून एक वाट होई, आणि अशा अनेक वाटा किनाऱ्यावर शेजारी-शेजारी उतरत. त्यांना आपसांत जोडण्याचे काम पाण्यावरून होई.

पुण्याच्याच इतिहासातली एक घटना या मुद्द्याला पुष्टी देते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पराभव केल्यावर दुसरा बाजीराव सिंहगड, रायगड करत महाडला उतरला. पुढे सुवर्णदुर्ग आणि रेवदंडा करत तो वसईला पोहोचला, तो समुद्रमार्गाने. ३१ डिसेंबरला इंग्रजांशी तह झाला. राज्याचा धनी जीव मुठीत धरून निघाला, तेव्हाही घाट पायाखाली आणि किनारा जहाजावरून, हाच क्रम होता. इंग्रजी अमलात घाटरस्ते सुधारले. गाड्यांसाठी बांधलेला बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला, पण तोही आडवाच. उभ्या दिशेला आगबोटी आल्या. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत त्या जात. अनेक ठिकाणी बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही, तरीही विसाव्या शतकाचा बराच काळ कोकणी माणसाचा तोच हमरस्ता होता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लोक किनाऱ्याने चालतही होते. होते, आणि प्रत्येक खाडीवर पैलतीरी नेणारी होडी, म्हणजे तरही होती. पण माहेर-सासर, शेजारच्या गावची जत्रा, जवळचा बाजार एवढ्यापुरती ती वाट होती. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांची मुखे ओलांडत, दर वेळी होडीची आणि भरतीची वाट पाहत लांबचा पल्ला गाठण्याचे कारण कोणाला नव्हते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुंबई-गोवा महामार्ग उत्तर-दक्षिणच जातो. पण तो किनाऱ्यावरून जात नाही. पेण, महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण अशी खाड्यांच्या माथ्यांवरचीच गावे तो ओवतो, कारण नदी अरुंद होते तिथेच पूल परवडत होता. तिथेही पाणी आपला हक्क सांगते: महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. तेव्हा हा महामार्ग जुन्या आडव्या वाटांचीच टोके जोडणारा दोरा ठरतो.

खऱ्या अर्थाने किनाऱ्यालगतचा रस्ता आखला गेला तो रेवस ते रेडी सागरी महामार्गाच्या रूपाने. त्याचे श्रेय १९८० ते ८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या अंतुले यांच्या कल्पनेला दिले जाते. दशके उलटली तरी मोठ्या खाड्यांवरचे पूल रखडले, आणि ती उणीव गाडीसकट माणसे नेणाऱ्या फेरीबोटींनी भरली. दाभोळ-धोपावे फेरी २००३ पासून चालते. म्हणजे आजची सफरही निम्मी जुन्या तरीच्याच आधारावर उभी आहे. फरक हेतूचा आहे. बैलांचे तांडे आणि आगबोटीचे उतारू मालासाठी, नोकरीसाठी, घरी जाण्यासाठी निघत. वाटेतली सोबत ही गरज होती. पुलांनी, फेऱ्यांनी आणि स्वतःच्या मोटारीने त्या गरजेचे निवडीत रूपांतर केले, आणि मग किनारा पाहण्यासाठी किनाऱ्याने जाणे शक्य झाले. सगळे पूल झाले की ही उभी वाट आणखी सोपी होईल. त्यात हळहळण्यासारखे काही नाही. मात्र किनारपट्टीलाच कोकण समजण्याची चूक तेव्हा आणखी सहज होईल. बंदर, खाडी, पेठ आणि घाट यांनी मिळून घडवलेला प्रदेश समजून घ्यायचा असेल, तर त्या सफरीत एखादा दिवस गाडी पूर्वेला वळवून दाभोळहून चिपळूण आणि तिथून कुंभार्ली चढणे भाग आहे.