चेहऱ्यावरचे पुरळ : आशेची खूण आणि तिची मर्यादा

१/८
औषधाने चेहऱ्यावर पुरळ उठले की रुग्ण धास्तावतो. परंतु २००४ च्या सुमारास, शरीरभर पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात हेच पुरळ डॉक्टरांना आशेची खूण वाटू लागले. त्या खुणेचा हा इतिहास.

२/८
स्टॅन्ली कोहेन यांनी उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिल्लांना टोचला. पिल्लांचे डोळे वेळेआधी उघडले, दातही लवकर आले. पेशींना वाढीचा आदेश देणारे प्रथिन त्यांना गवसले होते. हे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये नोबेल मिळाले.

३/८
हा आदेश स्वीकारणारा ग्राही अनेक कर्करोगपेशींवरही असतो. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात जॉन मेंडेलसन आणि गॉर्डन सातो यांनी तो अडवणारे प्रतिपिंड घडवले. त्यातूनच सिटक्सिमॅब हे औषध आले. फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली.

४/८
तोच ग्राही त्वचेतही असतो; म्हणून पुरळ. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, ३२९ रुग्णांच्या चाचणीत पुरळ उठलेल्यांच्या गाठी अधिक प्रमाणात आकसल्या होत्या.

५/८
मग पुरळ उठेपर्यंत मात्रा वाढवली तर? हाही प्रयोग झाला. २०१२ मध्ये निष्कर्ष आले : गाठी आकसण्याचे प्रमाण १६ वरून ३० टक्क्यांवर गेले, परंतु आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले नाही.

६/८
या खुणेत दोन उणिवा होत्या. जो अधिक काळ जगतो, त्याला पुरळ उठायला अवधीही अधिक मिळतो. शिवाय खूण दिसते ती उपचार सुरू झाल्यावरच.

७/८
उत्तर गाठीतच दडले होते. २००८ मध्ये ३९४ रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. सुमारे ४२ टक्क्यांत केरास जनुक बदललेले होते; त्यांना औषधाचा लाभ झाला नाही. जनुक न बदललेल्यांचे मध्यक आयुष्य औषधामुळे ४.८ वरून ९.५ महिन्यांवर गेले. पुरळ मात्र दोन्ही गटांत उठू शकत होते.

८/८
२०१० मध्ये याच वर्गातील दुसऱ्या औषधाच्या चाचणीत त्वचेची काळजी आधीपासून घेतली गेली. मध्यम व तीव्र पुरळ निम्म्याहून कमी झाले. औषधाचा प्रभाव घटल्याचे दिसले नाही. पुरळ ही औषध पोहोचल्याची खूण होती; बरे होण्यासाठी मोजायची किंमत नव्हे.