परदेशी कलाशिक्षण आणि खानदेशातली तयारी

व्याख्यान सुरू होण्याआधी एका पालकांनी माझ्या हातात चिठ्ठी ठेवली. मुलीला डिझाइन शिकायला परदेशी जायचंय, त्यासाठी शेताचा तुकडा विकावा लागेल, तर तयारी कुठून सुरू करावी? आजचा विषय इतिहासाचा आहे, म्हणून मी उत्तरही तिथूनच देतो.

पहिलं उदाहरण चाळीसगावचं. कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजे आपले केकी मूस. जन्म १९१२ चा, मुंबईचा. विल्सन कॉलेजमधून पदवी घेतली आणि १९३५ साली ते इंग्लंडला गेले. शेफील्डच्या बेनेट कॉलेजचा कमर्शिअल आर्टचा डिप्लोमा घेतला, छायाचित्रणही शिकले. १९३८ च्या सुमारास परत आले ते थेट चाळीसगावला.

आता विचार करा. हातात डिप्लोमा जाहिरात-कलेचा, आणि गाव कापसाचं, रेल्वे जंक्शनचं. त्या काळी अशी कामं मिळायची मुंबईत. मूस मुंबईला गेले नाहीत. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं ते स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडले. ३१ डिसेंबर १९८९ ला तिथेच गेले. पण त्या बंद घरात त्यांनी टेबलावर लहानलहान वस्तू मांडून अख्खी निसर्गदृश्यं उभी केली आणि त्यांचे फोटो काढले. ‘टेबलटॉप फोटोग्राफी’ म्हणतात ती हीच. तंत्र ते विलायतेतून शिकून आले, पण टेबलावर काय मांडायचं हे त्यांचं त्यांनाच शोधावं लागलं. ते काही कुठलं कॉलेज शिकवत नाही.

चाळीसगावहून धुळ्याला गाडी जाते. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात १९२५ साली राम सुतार जन्मले. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांच्यातला गुण हेरला आणि त्यांना मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली. तिथे १९५३ साली त्यांना मेयो सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर ते परदेशी गेले नाहीत, पुरातत्त्व खात्यात गेले. १९५४ ते ५८ या काळात अजिंठा-वेरूळच्या जुन्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम केलं. झिजलेलं बोट, तुटलेलं नाक पुन्हा घडवायचं म्हणजे मूळ कारागिराचा हात कसा चालला असेल ते ओळखावं लागतं. पुढे त्यांनी घडवलेले गांधीजींचे पुतळे देशोदेशी गेले.

अजिंठ्याचं नाव निघालंच आहे, तर तेही बोलू. जळगावहून साठेक किलोमीटरवर लेणी. १८४४ पासून रॉबर्ट गिल तिथल्या चित्रांच्या नकला करत होता, त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स जे. जे. चे विद्यार्थी घेऊन तिथे यायचा. हे काम तेरा-एक वर्षं चाललं. नकला लंडनला गेल्या, त्यातल्या बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. पण अंधारात बसून एकेक रेघ उतरवताना त्या पोरांचे डोळे नि हात तयार झाले, ते काही जळालं नाही.

तर पालकहो, चिठ्ठीचं उत्तर असं. आजही परदेशी कॉलेजं पोर्टफोलिओ मागतात. त्यात नुसती गुळगुळीत, पूर्ण झालेली चित्रं नकोत. कल्पना कशी सुचली, कुठे फसली, कशी बदलली, हे दाखवणारी वही त्यांना बघायची असते. ती वही क्लासवाला भरून देऊ शकत नाही. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा द्या, हात बसतो. इंग्रजीची परीक्षा, फी, शिष्यवृत्ती यांची चौकशी वर्षभर आधी करा. पण त्याआधी मुलीला वही घेऊन बाजारात बसवा. केळीचे घड कसे रचतात, भरताची वांगी कशी मांडतात, गोधडीचे तुकडे कसे जुळवतात, हे रोज काढू द्या.

आणि शेत विकण्याआधी एक प्रश्न तिला विचारा: परत आल्यावर काय करशील? मूस यांच्याकडे घर होतं, म्हणून त्यांचं निभलं. सगळ्यांचं तसं निभत नाही. तिचं उत्तर आज कच्चं असलं तरी चालेल, पण ते तिचं स्वतःचं असू द्या.