मृत्युपत्र व वारसाव्यवस्था, कुंभकोणम

तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील कुंभकोणम येथे मृताची मालमत्ता वारसांच्या नावे करण्याची न्यायालयीन व महसुली रीत. तंजावरच्या भोसले राजवटीत (1676–1855) कावेरीखोऱ्यात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांमुळे हा विषय मराठी वाचकालाही जवळचा आहे. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म इथलाच (1828). अशा घरांतले बरेच वारस आज चेन्नई, पुणे, मुंबईत किंवा परदेशात असतात, आणि मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा (प्रोबेटचा) मुंबईतला जुना नियम कुंभकोणमला लावून नाहक धास्तावतात.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 57 व 213 नुसार हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती होती, ती मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती आणि जुन्या बंगाल प्रांतापुरती. कुंभकोणममध्ये केलेल्या, तिथल्याच घर-शेतीविषयीच्या मृत्युपत्राला ती नव्हती. 2025 च्या निरसन व दुरुस्ती अधिनियमाने तर कलम 213 च वगळले. तरी भाऊबंदकीची शक्यता दिसत असेल, तर साक्षीदार हयात असतानाच प्रोबेट घेऊन ठेवणे शहाणपणाचे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक आहे.

मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 लागू होतो. हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली व आई यांना सारखा वाटा मिळतो. वडील पहिल्या वर्गात येत नाहीत, हे अनेकांना कचेरीत गेल्यावरच कळते. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करून दाखला घ्यावा. मग तहसीलदाराकडे वारस दाखल्याचा अर्ज, आणि त्याच्या आधारे पट्ट्यावरील, म्हणजे जमिनीच्या महसुली नोंदीवरील, नावबदल. वारस दाखला नातेवाईक कोण, एवढेच सांगतो. मालकी ठरवत नाही. बँकेतील ठेवी वा रोख्यांसाठी दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागू शकते. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते ती वारसांच्या वतीने.

खरी अडचण नावांची. तमिळ रिवाजाप्रमाणे वडिलांचे आद्याक्षर पुढे लावलेले नाव पट्ट्यावर असते, ‘राव’ कधी असतो, कधी गळलेला. पुण्यातल्या मुलाच्या आधार कार्डावर मात्र आडनाव. मुलीचे आद्याक्षर लग्नानंतर पतीचे होते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवले की कितीतरी फेऱ्या वाचतात.

मुलींच्या हक्कात तमिळनाडू पुढे होता : 25 मार्च 1989 पासून, त्याआधी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा मिळाला. महाराष्ट्रात हे 1994 मध्ये झाले, देशभर 2005 मध्ये. तेव्हा लग्नाची अटही गेली.

या प्रदेशातील सर्वांत गाजलेला वारसातंटा राजघराण्याचाच. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले. कंपनी सरकारने राज्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि जिंकल्या. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला : जप्ती हे राज्यसत्तेचे कृत्य, त्यावर न्यायालयाचा अधिकार चालत नाही. एका विधवेने कायद्याच्या वाटेने मिळवलेला न्याय असा काढून घेतला गेला. 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत दिली, पण अनुदान म्हणून. त्या मालमत्तेच्या वारसाहक्काचे खटले मद्रासच्या न्यायालयांत विसाव्या शतकापर्यंत चालले.