भट्टीतून निघालेली अक्षरं

सावनेरला आमच्या मोहल्ल्यात कितीतरी दारांवर ‘माशा अल्लाह’ लिहिलेली टाइल दिसते. आज ती कारखान्यात छापून निघते. पण तिचं घराणं फार जुनं आहे. त्या घराण्याची एक मोठी खूण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, बिदरला उभी आहे.

इराणच्या गिलानहून व्यापारासाठी आलेला महमूद गवान बहामनी राज्याचा वजीर झाला. 1472 मध्ये त्यानं बिदरला तीन मजली मदरसा बांधला. त्याची दर्शनी भिंत आणि मिनार रंगीत, चकाकत्या फरशांनी मढवले आणि त्यांत कुराणातली वचनं बसवली.

हे काम मोठ्या चिकाटीचं. जुनी इराणी रीत अशी की एकेका रंगाची फरशी वेगळी भाजायची. निळा रंग कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. खुशनवीस कागदावर अक्षर रेखून देई, कारागीर त्याबरहुकूम फरशी कापून तुकडे जुळवी. एकदा बसलेलं अक्षर कुणाला गुपचूप बदलता येत नसे.

कागदाचं तसं नाही. सुभेदारांची सत्ता आवरण्यासाठी गवाननं चार सुभ्यांचे आठ केले. आपल्या वऱ्हाडाचे गाविलगड आणि माहूर असे दोन भाग झाले. दुखावलेल्या सरदारांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्याला गाठून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. शिक्का माझा, पत्र माझं नाही, असं गवान सांगत राहिला. तिसऱ्या मुहम्मदशहानं शहानिशा केली नाही. एप्रिल 1481 मध्ये वजिराचं शिर उडवलं गेलं. कारस्थान मागाहून उघडं पडलं; पुढच्याच वर्षी सुलतानही वारला.

सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगल अमलात मदरशात बंदुकीची दारू साठवली होती. तिचा स्फोट होऊन दर्शनी भागाचा मोठा हिस्सा आणि एक मिनार कोसळला. उरलेल्या भागावर काही फरशा, काही अक्षरं अजून तग धरून आहेत.

मी मराठीत कविता लिहितो, म्हणून मला त्या पत्राची जास्त धास्ती वाटते. आजही कुणाच्या नावावर कुणीतरी मजकूर खपवतं आणि नाव वाचूनच लोक त्या माणसावर तुटून पडतात. लिहिलं कुणी, हे विचारायला थोडाच वेळ लागतो. बिदरच्या दरबारात तेवढा वेळ कुणी काढला नाही.

बिदरला गेलात तर मान वर करून त्या फरशा जरूर बघा. लिपी येत नसेल तर जवळच्या कुणाला तरी विचारा. तो आनंदानं वाचून दाखवील.