वस्ती न उठवता घरे: जून जॉर्डन यांचे हार्लेम

सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शतिला इथे पॅलेस्टिनी निर्वासितांची कत्तल झाली. त्यावर कविता लिहिणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री म्हणून जून जॉर्डन यांचे नाव मी प्रथम वाचले. त्यांनी नाटके लिहिली, निबंध लिहिले. पण त्यांचे एक जुने काम मला तितकेच मोलाचे वाटते. ते काम घरांविषयी आहे.

जॉर्डन यांचा जन्म १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधला, आईवडील जमैकाहून आलेले. जुलै १९६४ मध्ये जेम्स पॉवेल हा पंधरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मेला आणि हार्लेम पेटले. जॉर्डन यांनी तो उद्रेक जवळून पाहिला. मनात गोऱ्यांविषयी द्वेष भरला आहे, हे त्यांना जाणवले. आणि द्वेषात अडकलो तर आपणही शत्रूसारखेच होऊ, हेही उमगले. मग त्या वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्यासोबत हार्लेमचा नवा आराखडा करायला बसल्या.

त्या काळी अमेरिकेत शहरसुधारणा म्हणजे बहुधा जुनी वस्ती पाडणे आणि गरीब, कृष्णवर्णीय कुटुंबांची पांगापांग. जॉर्डन यांची अट उलटी होती: एकाही कुटुंबाला हार्लेम सोडावे लागू नये. म्हणून जुन्या इमारतींच्या डोक्यावर १५ शंकूच्या आकाराचे मनोरे उभारायचे, माणसे वरच्या घरांत गेली की खालची जुनी घरे काढून तिथे मोकळ्या जागा आणि बागा करायच्या. उजेड, हवा, झाडे हा गरिबाचाही हक्क आहे, हा त्यामागचा विचार.

एप्रिल १९६५ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकाने हा आराखडा छापला. मथळा मात्र बकाल वस्ती झटपट हटवण्याचा दिला, आणि आराखड्याचे श्रेय फुलर यांच्या पदरात टाकले. मनोरे कधी उभे राहिले नाहीत. पुढे १९७० साली जॉर्डन यांना पर्यावरण-रचनेसाठी रोमच्या अमेरिकन अकादमीचा सन्मान मिळाला.

इतक्या उंचावर शेजारधर्म टिकला असता का, ही शंका रास्त आहे. पण ज्यांच्या नावाने सुधारणा होते ते लोक शेवटी तिथेच राहतात का, हा जॉर्डन यांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. हार्लेमच्या आराखड्यात आणि बैरुतवरच्या कवितेत त्या एकाच गोष्टीसाठी भांडत होत्या: माणसाला त्याच्या घरातून कुणी उठवू नये.